जुन्या गाडीची प्लेट सगळं सांगत नाही

बडोद्यात जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये सध्या एक मेसेज हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची) रंग-सीटचे कोड असलेली प्लेट म्हणजे गाडीची कुंडली, चेसिस नंबरातून इंजिन, गिअर, ऑप्शन सगळं कळतं, कोडचा तक्ता नेटवर आयता मिळतो, प्लेट जुळली की गाडी शंभर टक्के ओरिजिनल, आणि प्लेटशी जे जुळत नाही ते खोटं, उपटून टाका. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून आपली कितीतरी तरुण मुलं या गाड्यांत रमलेली दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हा मेसेज पाहून गप्प बसवत नाही. त्यातल्या 'उपटून टाका' या सल्ल्यापायी चांगल्या गाड्यांचं न भरून येणारं नुकसान होऊ शकतं.

आधी चेसिस नंबर. सतरा अक्षरी नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी ज्या त्या कंपनीची रीत वेगळी. १९६३ ची शेव्हर्ले इम्पाला घ्या. नंबर ३१८६९ ने सुरू होत असेल तर ३ म्हणजे १९६३, १८६९ म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची चार दारांची सेडान, पुढचं अक्षर कारखान्याचं आणि उरलेला अनुक्रमांक. संपलं. व्ही-८ आहे हे कळलं, पण ते २८३, ३२७ की ४०९ घनइंचाचं, हे त्यातून कळत नाही. एसी किंवा पॉवर स्टिअरिंग कारखान्यातून आलं होतं का, याचाही पत्ता लागत नाही.

मर्सिडीजच्या १२३ मालिकेचा नंबर जास्त बोलका. १२३.१२३ म्हणजे २४० डी हे डिझेल मॉडेल. त्यापुढे २० असेल तर उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि हाताचा गिअर. २२ असेल तर स्टिअरिंग तेच, गिअर ऑटोमॅटिक. पण पुढे सतरा अक्षरी नंबर आला आणि त्यात गिअरच्या आकड्याच्या जागी कारखान्याचं अक्षर बसलं. म्हणजे एकाच मॉडेलच्या आधीच्या गाडीचा नंबर गिअर सांगतो, नंतरच्या गाडीचा सांगत नाही.

तक्त्याचं म्हणाल तर तो वर्षागणिक बदलतो. शेव्हर्लेचा टक्सिडो ब्लॅक हा काळा रंग १९६३ मध्ये ९००, १९६५ मध्ये ए आणि १९६९ मध्ये १० असा लिहिलेला असतो. उलट मर्सिडीजचा काळा ०४० वर्षानुवर्षं तोच राहिला. एका कंपनीची सवय दुसरीला लावून चालत नाही. तारखेतही अशीच गफलत होते. १९६३ च्या इम्पालाच्या प्लेटवर ११बी दिसलं आणि आरसी बुकात नोंदणी १९६३ च्या उन्हाळ्यातली निघाली, की लोक लगेच 'बनावट' म्हणून मोकळे होतात. ११बी म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा खरा, पण १९६२ चा. अमेरिकन कंपन्यांचं नवं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच बाजारात यायचं.

आता 'प्लेट जुळली म्हणजे ओरिजिनल'. मेसेजमधला सगळ्यात कच्चा दुवा हाच. या प्लेटा नव्याने ठोकून विकत मिळतात, ऑर्डरप्रमाणे कोड घालून. त्यामुळे प्लेटवरच्या अक्षरांआधी रिव्हेट बघा. मूळ प्लेट बॉडीला रंग लागण्याआधीच बसायची, त्यामुळे तिच्यावर, रिव्हेटच्या डोक्यांवर आणि भोवतीच्या पत्र्यावर रंगाचे थर सलग चढलेले असतात. आजूबाजूला साठ वर्षांचा रंग आणि मधेच लखलखीत प्लेट असेल तर चौकशी करा. प्लेट खरी निघाली तरी ती बॉडीबद्दल बोलते, इंजिनाबद्दल नाही. शेव्हर्लेच्या साध्या मॉडेलांत इंजिनावर चेसिस नंबराचा तुकडा ठोकायची पद्धत सरसकट आली ती १९६८ च्या सुमारास. त्याआधीच्या इम्पालात 'नंबर जुळतात' हे सिद्ध करायला असा नंबरच नसतो. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख आणि इंजिनावर ठोकलेली अक्षरं गाडीच्या तारखेशी पटतात का, एवढंच तपासता येतं. त्यात आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. ते प्लेट कुठून सांगणार?

शिवाय १९२८ ते १९५४ या काळात जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवत होती. त्या गाड्यांना अमेरिकेतले तक्ते डोळे मिटून लावू नयेत.

आणि 'उपटून टाका'. दांडिया बाजारात ओळखीच्या एका घरी इम्पाला आहे. तिथल्या मुलाने हा मेसेज वाचून मला विचारलं, "काका, कोडप्रमाणे सीट वेगळ्या रंगाची हवी. हे सगळं कापड काढून टाकू ना?" म्हटलं, "अरे थांब, आधी मागची सीट उचल." गादी वर आली तेव्हा वरच्या देशी रेक्झिनच्या काठाखाली कंपनीच्या कापडाची पट्टी दिसली. उन्हापासून वाचलेली, विणीतला धागान् धागा शाबूत. प्लेटवरचा ट्रिम कोड (सीट आणि आतल्या सजावटीचा) रंग आणि कापडाचा प्रकार सांगतो, पण वीण कशी होती, शिलाई किती अंतरावर होती, हे ती पट्टीच सांगते. तो मुलगा कात्री लावून मोकळा झाला असता तर तीही भंगारात गेली असती. म्हणून आधी फोटो काढा, नमुना जपा, सीटच्या स्प्रिंगांत कारखान्याचा कागद अडकलाय का बघा. इम्पालाच्या काळातल्या गाड्यांत तो कधीकधी सापडतो. मर्सिडीजवाल्यांचं नशीब चांगलं. त्यांच्या गाडीचं डेटा कार्ड असतं आणि त्यात रंग, सीट, ऑप्शन यांचे कोड असतात. सीटच्या कोडचा पहिला आकडा ० असेल तर कापड, १ असेल तर एमबी-टेक्स म्हणजे मर्सिडीजचं कृत्रिम लेदर, २ असेल तर लेदर. गाडीच्या पुढच्या भागात बॉनेटखाली असलेल्या धातूच्या पट्टीवर मात्र त्यातले मोजकेच कोड मिळतात.

विंटेज नोंदणीसाठी प्लेट लागते म्हणून ती नवी करून घ्या, असंही त्याच मेसेजच्या शेवटी कुणीतरी जोडलंय. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अर्जासोबत विमा, आधीची आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) लागतं. या यादीत फायरवॉलवरची ही ट्रिमची प्लेट कुठेही नाही.