वरमाईचा बेस आणि इतर अनिवार्य खर्च

अभिनंदन! तुमची त्वचा प्रौढ झाली आहे. घरच्या आरशाने ही बातमी दाबून ठेवली असेल, पण मॉलमधल्या काउंटरवरच्या मुलीने ती फोडलीच. तुम्ही नुसती काजळाची पेन्सिल घ्यायला गेला होतात. तिने "मॅम, दोनच मिनिटं" म्हणत तुम्हाला उंच स्टुलावर चढवलं, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली आणि पडद्यावर तुमचा निळा-जांभळा चेहरा उमटवला. मग यंत्राने तुमच्या त्वचेचं वय सांगितलं. ते खऱ्या वयापेक्षा जास्तच निघतं. कमी सांगणारं यंत्र कंपनी कशाला ठेवेल? या क्षणी घाबरून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जरूर घाबरा. घाबरल्याशिवाय खरेदी हातून नीट होत नाही.

आता खरेदीचं मुख्य सूत्र. ज्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय आणि जे स्वस्तही आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही.

उदाहरणार्थ सनस्क्रीन. सुरकुत्या, वांग, गालावरचे काळे ठिपके यांतला मोठा वाटा उन्हाचा, असं त्वचारोगतज्ज्ञ कंठशोष करून सांगत असतात. पण आपण कुठे उन्हात जातो? सकाळी भाजी, मग बँक, मग दुपारभर खिडकीशी पेपर घेऊन बसणं, एवढंच. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी किरण बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र आरामात आत येतात आणि त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची वाट लावतात. असू दे. खिडकीशी बसायला काय पैसे पडतात? लेकीच्या हट्टापायी ट्यूब आणलीच, तर वाटाण्याएवढं लावा. ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे ती उन्हापासून किती वाचवते याचा आकडा, ठरवताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थापतात, म्हणजे चेहरा आणि मान धरून दोन बोटांवर भरून पट्टे. एवढं रोज लावायचं तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम दीड महिना जाईल. शॅम्पूच्या तळाशी पाणी घालून आणखी आठवडा काढणारी पिढी आपली. आपल्याकडे ती ट्यूब दोन वर्षं टिकलीच पाहिजे.

तीच गत ट्रेटिनॉइनची. मुरमांसाठी हे औषध १९७१ पासून वापरात आहे, आणि उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रकाने, त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे इतकं जुनं, की आता त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. ट्यूब दिसायला मूळव्याधीच्या मलमासारखी. चार जणांच्या मिसळीच्या बिलापेक्षा महाग नाही. शिवाय आधी डॉक्टरकडे जा, त्यांना चिठ्ठी लिहू द्या, रात्रीच लावा, सुरुवातीला सालपटं निघतील ती सहन करा आणि फरक दिसायला काही महिने थांबा. थांबायचंच असतं तर आपण रेल्वेचं वेटिंग तिकीट काढलं असतं. त्यापेक्षा चोवीस कॅरेट गोल्ड फेशियल बरं. तोळ्याचा भाव बघता तुमच्या वाट्याला सोन्याचा किती कण येत असेल याचा हिशोब करत बसू नका. जो काही येतो, तो शेवटी पार्लरच्या बेसिनमधूनच जातो. पण निदान चेहऱ्यावरून जातो.

आता कोलॅजेन. पाळी गेल्यानंतर पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. ही माहिती खरी असल्यामुळे ती सगळ्यात जास्त विकली जाते. कोलॅजेनचं क्रीम घ्याच. त्याचा रेणू भरतो सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं माप) आणि धडधाकट त्वचा साधारण ५०० डाल्टनच्या वरचं सहसा आत घेत नाही, म्हणून ते वरच बसून राहतं. बसू दे, पाहुणा आहे. क्रीमने भागलं नाही तर पावडर आहे. ती पाण्यात ढवळून रिकाम्या पोटी प्यायची. पोटात गेल्यावर तिचे तुकडे होतात, तुरीच्या डाळीतल्या प्रथिनाचे होतात तसेच, आणि ते तुकडे तुमच्या गालाकडे जातील की पोटरीकडे, हे त्यांना कोणी बजावलेलं नसतं. माझ्या ओळखीत एक बाई आहेत. संकष्टीला मीठही न खाणाऱ्या. त्या रोज पहाटे स्नान करून ही पावडर घेतात. डब्यावर 'मरीन' असं लिहिलेलं आहे. माशाची कातडी आणि खवले यांपासून ती बनते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. त्यांची चंद्रोदयाची वेळ चुकेल.

ही पावडर त्यांना दिली भिशीतल्या मैत्रिणीने. मैत्रिणीकडून घ्यायची सोय अशी, की ती किंमत सांगत नाही, "तुझ्यासाठी म्हणून" सांगते. शिवाय तिच्या हाताखाली आणखी तिघी जोडल्यात की तुम्हाला तुमचाच डबा स्वस्त पडतो. डिसेंबरपर्यंत भिशीत सगळ्या विकणाऱ्याच उरतात आणि पोहे कोणी करायचे हा प्रश्न पडतो.

शेजारणीकडून घेण्यात आणखी थरार आहे. तिला कधी काळी वांगासाठी डॉक्टरांनी एक मलम दिलं होतं, काही आठवड्यांपुरतं. तिला इतकं मानवलं, की आता सगळा मजला तेच लावतो. त्यात रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिघांची संगत असते. पहिले काही दिवस चेहरा असा उजळतो की दूधवालासुद्धा विचारतो. मग कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांची नक्षी उमटते, लव वाढते, आणि लावायचं थांबवलं की चेहरा पेटतो. म्हणून पुन्हा लावायचं. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत घातली. पण मेडिकलवाला आपल्याच गल्लीतला. त्याच्याकडे चिठ्ठी मागायची पद्धत आहे का?

आणि ज्या डबीवर कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, फक्त पार्लरवालीचा शब्द आहे, ती डबी तर घ्यायचीच. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, अशाच स्थानिक पार्लरमधून घेतलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग उजळवतो, हे खरंच आहे. पुढे जा.

परक्यांवर विश्वास नसेल तर आजीचा बटवा आहे. आजी स्वतः तोंडाला साय सोडून काही लावत नव्हती आणि साबण सणासुदीलाच काढायची, हे विसरा. तिच्या नावावर फोनवर जे येतं तेच खरं. लिंबू चोळा. पाळी गेल्यावर त्वचेचं तेल आधीच आटलेलं असतं, त्यावर मुलतानी माती थापून उरलंसुरलंही ओढून घ्या. माती वाळून कडक झाली की हसू नका, बोलू नका. घरातल्या बाकीच्यांना या उपायाचा गुण चांगला येतो. पेट्रोलियम जेली किंवा साधं जाड मॉइश्चरायझर ओल्या चेहऱ्यावर लावलं तर कोरडेपणा निम्मा आटोक्यात येतो, असं कोणी म्हणालं तर म्हणा, "ते भेगांना लावायचं असतं."

लेक परदेशी असेल तर तुमच्या वाट्याला सीरमं येतात. नायसिनमाइड, हायलुरोनिक, व्हिटॅमिन सी, कसलं तरी आम्ल. सगळी एकाच दिवशी, एकावर एक, बाटल्यांच्या उंचीच्या क्रमाने लावा. पाचव्या थराला गालावरून करड्या मळ्या निघायला लागतील. ती मेलेली त्वचा नव्हे, लेकीचे डॉलर आहेत. व्हिटॅमिन सीची बाटली खिडकीत ठेवा, आणि ते पाण्यासारखं होतं ते तपकिरी झालं की आता मुरलं असं समजा. लोणचं मुरतं, तर हे का नाही?

निवड करताना जाहिरातीतली बाई नीट पाहून घ्या. सुरकुत्यांच्या क्रीमसाठी सुरकुती नसलेलीच बाई लागते. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेला हे रुचलं नाही. २००९ मध्ये तिने ट्विगी या जुन्या मॉडेलची डोळ्यांच्या क्रीमची जाहिरात थांबवली, आणि २०११ मध्ये अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स आणि मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या फाउंडेशनच्या जाहिराती. चेहऱ्यावरची सफाई किती फाउंडेशनची आणि किती संगणकाची, हे कंपनीला पटवून देता आलं नाही. आपल्याकडे असला आगाऊपणा कोणी फारसा करत नाही, त्यामुळे तुम्ही निर्धास्त पाहू शकता.

हे सगळं झालं रोजचं. खरी परीक्षा मुलाच्या लग्नात.

वरमाईचा मेकअप हा नवरीच्या पॅकेजमध्ये 'सोबत एक' म्हणून येतो. पहाटे पाचला कार्यालयाच्या वरच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर तुम्ही बसता. करणारी मुलगी तेवीस वर्षांची. ती विचारते, "काकू, एचडी करू का एअरब्रश?" दोन्हींतला फरक विचारू नका, तिलाही घाई आहे. फाउंडेशनची छटा दिवसाउजेडी जबड्याच्या कडेला लावून पाहायची असते, असा शहाणपणा काढू नका. पहाटे पाचला दिवसाउजेड ती कुठून आणणार? ती तुमच्यापेक्षा दोन छटा उजळ बेस काढते, कारण 'फोटोत छान येतं'. आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबायला वेळ नाही. पातळ थर द्यायचा आणि डागांपुरतंच जास्त झाकायचं, हे तर पैसे घेतल्यासारखंही दिसत नाही. म्हणून सरसकट जाड थर, डोळ्यांखाली कन्सीलरचे त्रिकोण, वर पावडरीचा ढीग, तो दहा मिनिटं तसाच. मग पापण्यांवर सोनेरी शिमर.

सातपर्यंत तुम्ही सुंदर असता. मग तुम्ही हसता. नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंत जी घडी आहे तिच्यात बेस उतरतो आणि तिथेच मुक्काम करतो. शिमर पापणीच्या घड्यांत जमतो, त्यामुळे एरवी कोणाला न दिसणाऱ्या घड्या आता सोन्याने अधोरेखित होतात. होमाचा धूर, डोळ्यांत पाणी, दोन ओघळ. मॅट लिपस्टिक ओठांवरून निघून कडेच्या बारीक रेघांमध्ये चढलेली. नथीखाली जिथे बोट सारखं लागतं तिथे मूळ रंगाचा एक गोल. फोटोग्राफर फ्लॅश मारतो, पावडरीतली सिलिका तो जसाच्या तसा परत करते, आणि अल्बममध्ये विहिणीची ओटी भरणाऱ्या बाईचा चेहरा चुनखडीचा आणि हात गव्हाळ येतात. दोन वेगळ्या बायका एका पैठणीत. कार्यालयातल्या प्रत्येकीने तुम्हाला सांगितलेलं असतं, "अगं, ओळखूच आली नाहीस!" ही दाद आहे असं धरून चाला. पॅकेजमध्ये दाद धरलेली असते.

याच समारंभात वरपित्याने तोंड साबणाने धुतलं, केसांना कलप लावला आणि त्यातला थोडा कपाळालाही लागला. त्यांच्याबद्दल सगळे म्हणाले, अजून तसेच दिसतात.

मान विसरू नका. काउंटरवर मानेचं क्रीम वेगळं मिळतं, कारण मान चेहऱ्याला जोडलेली आहे हे कंपनीला मान्य नाही. मानेची मागची बाजू आणि काख काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ समजून घासणीने घासा. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते आणि साखर तपासायला दोनशे रुपयेही पुष्कळ होतात. पण लॅबवाला रिपोर्टबरोबर सॅम्पल देत नाही, पिशवीही देत नाही. अंग फारच कोरडं पडत असेल, केस गळत असतील, तर थायरॉइडच्या तपासणीचंही तेच.

टिकलीचं काय? काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं त्याच जागी चिकटवली तर कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. याला उपाय सोपा आहे: डागापेक्षा मोठी टिकली. डाग वाढला तर आणखी मोठी. पन्नाशीनंतर टिकलीचा आकार का वाढत जातो, याचं कारण तुम्हाला संस्कृती वाटत होतं का?

एक गोष्ट मात्र कुठलंही काउंटर विकत नाही, म्हणून ती मी फुकट सांगते. पाळी गेल्यावर हनुवटीला एक केस येतो. जाड, राठ आणि हट्टी. न्हाणीघरातल्या आरशात तो दिसत नाही, पार्लरच्या पिवळ्या दिव्यात दिसत नाही, चष्मा लावून शोधला तरी सापडत नाही. तो दिसतो गाडीच्या आरशात, भर उन्हात, सिग्नलला. म्हणून पर्समध्ये चिमटा ठेवा. सिग्नल सुटेल, मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवेल, शेजारी नवरा "अगं चल, चल" करेल. वाजवू दे. हाताला लागलाय तोवर उपटून घ्या.