पंख दिसले म्हणजे देवदूत नव्हे

जुन्या युरोपीय छापचित्रांवरच्या एका लेखात पंखवाल्या सगळ्याच बाळांना देवदूत ठरवलंय, ते पटलं नाही. बरोक काळातल्या (साधारण सतराव्या शतकातल्या) एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर छापलेल्या चित्रात, आधी हातातली वस्तू बघावी. धनुष्यबाण असेल तर क्युपिड, म्हणजे रोमन प्रेमदेव, विझत चाललेली उलटी मशाल असेल तर मृत्यू, साबणाचे फुगे असतील तर क्षणभंगुर आयुष्य. खजुरीच्या एकाच फांदीसाठी दोघं झोंबत असतील तर ते बहुधा ग्रीक पुराणातले इरॉस आणि अँटेरोस, म्हणजे प्रेम आणि त्याला मिळालेला प्रतिसाद. ते पोरांचं भांडण नव्हे. अशा चिन्हांचे अर्थ सांगणारा इटालियन लेखक चेझारे रीपाचा रूपककोश (१५९३, सचित्र आवृत्ती १६०३) शेजारी ठेवला की बरीच कोडी सुटतात. आणि डाव्या हातातल्या बाणात लगेच गूढ अर्थ शोधू नका! तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र कागदावर आरशासारखं उलटं उमटतं, त्यामुळे उजवा हात डावा दिसतो. मूळ रेखाटन उपलब्ध असेल तर आधी त्याच्याशी ताडून बघा.