एकाच फाइलीतून १४ आणि २३ कसे निघतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

त्वचावाहकतेची (घामाप्रमाणे कातडीतून वीज किती सहज वाहते त्याची) नोंद सॉफ्टवेअरच्या मेनूतून कशी तपासायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या या सरांचं म्हणणं असं : मेनूवर टिचक्या मारत जाणं हे विश्लेषण नव्हे. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी पाच मिनिटांच्या एकाच नोंदीवर माझ्या लेखातल्या पायऱ्या केल्या, तर एकाला १४ प्रतिसाद (वाहकतेच्या रेघेतले चढून उतरणारे उंचवटे) सापडले, दुसरीला २३. तेव्हा मेनू सोडा, मुलांना पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकवा. आणि जाता जाता एक टोला : आपल्याकडच्या उन्हाळ्यात, आपल्याकडच्या लाईनीवर हाताच्या घामाची मोजणी करणं हीच मुळात थट्टा.

आधी माझी चूक. लेखातल्या चित्रात नॉच फिल्टरच्या (एकच वारंवारता कापणाऱ्या गाळणीच्या) चौकटीत ६० हर्ट्झ दिसतं. ते अमेरिकेच्या विजेचं. आपली लाईन ५० हर्ट्झची, तिथे ६०चा नॉच लावून काहीच निघत नाही. चित्र बदललं आहे. खरं तर ती पायरीच काढून टाकली आहे. त्वचावाहकतेचा एक प्रतिसाद वर चढायलाच एक ते तीन सेकंद घेतो, त्यात कामाचं असं काही ५ हर्ट्झच्या वर नसतंच. ५ हर्ट्झचा लोपास (त्याच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर) लावला की ५० आपोआप जातं.

आता १४ आणि २३. मिनिटाला हिशेब केला तर २.८ आणि ४.६ येतात. शांत बसलेल्या माणसात मिनिटाला एक ते तीन प्रतिसाद नेहमीचे, जरा ताणात असलेल्यात त्याहून जास्त. म्हणजे दोन्ही आकडे बघून कुणाला शंका येणार नाही. फाइल मी पाहिलेली नाही, पण तुम्ही लिहिलंय की दोघांनीही उंबरठा, म्हणजे याहून लहान उंचवटा मोजायचा नाही ती मर्यादा, ०.०२ मायक्रोसिमेन्सच (हे वाहकतेचं एकक) ठेवला होता. मग माझा संशय एकाच ठिकाणी जातो.

लेखात वापरलेल्या अ‍ॅक्नॉलेज या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅनालिसिस मेनूत त्वचावाहकतेचा गट आहे, त्यात प्रतिसाद शोधण्याची क्रिया. तिच्या सेटिंगमध्ये दोन आकडे असतात. पहिला उंबरठा, जो सगळे बघतात. दुसरा टक्क्यात असतो, मूळचा १०, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. क्रिया आधी उंबरठा ओलांडणारे सगळे उंचवटे गोळा करते. मग त्यांतला सर्वांत मोठा शोधते, आणि त्याच्या १० टक्क्यांहून जे लहान असतील ते गाळून टाकते.

नोंद सुरू करताना इलेक्ट्रोड नीट बसले की नाही हे बघायला आपण समोरच्याला एक खोल श्वास घ्यायला लावतो. ती पद्धत बरोबरच आहे. पण त्या श्वासाने समजा १.५ मायक्रोसिमेन्सचा डोंगर उभा राहिला, तर त्याचे १० टक्के म्हणजे ०.१५. आता अख्ख्या नोंदीत ०.१५ पेक्षा लहान असलेला प्रत्येक प्रतिसाद बाद, मग तुमचा उंबरठा ०.०२ असो की ०.०१. ज्या विद्यार्थिनीने श्वासाचा तो तुकडा आधी कापून टाकला, तिच्या फाइलीत सर्वांत मोठा प्रतिसाद समजा ०.६ चा राहिला. तिच्यासाठी गाळणी ०.०६ वर आली. मधल्या मापाचे सगळे प्रतिसाद तिला मिळाले, त्याला नाही. मेनू एक, उंबरठा एक, आकडे दोन. उपाय साधा : ज्या भागाचं विश्लेषण करायचं तेवढाच भाग वेगळ्या फाइलीत घ्यायचा, आणि निव्वळ मायक्रोसिमेन्सच्या उंबरठ्यावर काम करायचं असेल तर टक्क्याचा रकाना शून्य करायचा.

पायथनबद्दल. न्यूरोकिट-२ हे अशा नोंदींसाठीचं पायथनचं पॅकेज चांगलं आहे, फुकट आहे, वापरा. पण त्यातली प्रतिसाद शोधणारी क्रिया उघडून बघा : अ‍ॅम्प्लिट्यूड-मिन नावाचा आकडा मूळचा ०.१ आहे, आणि तोही सर्वांत मोठ्या प्रतिसादाच्या प्रमाणातच मोजला जातो. म्हणजे तोच सापळा, तोच १० टक्क्यांचा. तुमच्या दोन विद्यार्थ्यांनी ही स्क्रिप्ट चालवली असती, एकाने श्वासासकट आणि दुसरीने श्वास कापून, तरी आकडे वेगळेच आले असते. स्क्रिप्टचा खरा फायदा एवढाच की काय केलं ते लिहिलेलं राहतं. तो फायदा मोठा आहे, मी नाकारत नाही. पण वहीत लिहून तो मेनूवाल्यालाही मिळतो, आणि ज्या विभागात तीस मुलांमागे दोन संगणक आहेत तिथे आधी वही परवडते.

तुम्ही म्हणता तसं मेनू बऱ्याच गोष्टी लपवतो हे मात्र खरं. त्यातली सर्वांत घातक म्हणजे क्रिया नेमकी किती भागावर झाली ती. अ‍ॅक्नॉलेजमध्ये ट्रान्सफॉर्म मेनूतली क्रिया तरंगावर जागच्या जागी होते. चॅनलवर एखादा तुकडा निवडलेला राहून गेला आणि ‘संपूर्ण तरंगावर’ ही खूण केली नाही, तर फिल्टर त्या तुकड्यापुरताच लागतो. पडद्यावर पाच मिनिटं एकदम दिसत असतील तर हे कळतही नाही. दहा सेकंदांपर्यंत झूम करून पुढे सरकत जा. एका जागी रेघ केसाळ होती ती अचानक गुळगुळीत झाली, किंवा सांध्यावर छोटी पायरी दिसली, की समजा. म्हणून पहिली क्रिया नेहमी एडिट मेनूतून चॅनलची प्रत काढण्याची. मूळ चॅनलला हात लावायचा नाही. लॅबचार्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही भीती कमी, तिथे चॅनलवरची गणितं कच्च्या नोंदीला धक्का लावत नाहीत. एकावर शिकलेला मुलगा दुसऱ्यावर बसला की मात्र हमखास घसरतो.

दुसरी लपलेली गोष्ट : स्मूदिंगचा (शेजारच्या नमुन्यांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करण्याचा) आकडा बहुधा नमुन्यांत असतो, सेकंदांत नाही. सेकंदाला १००० नमुने घेतले असतील तर २० नमुन्यांची सरासरी म्हणजे २० मिलिसेकंद. ५० हर्ट्झची एक लाट बरोबर २० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ही सरासरी ५०, १००, १५० हर्ट्झ सगळं पुसते. आपल्या लाईनीला अगदी मापाची गोष्ट. पण तोच २० चा आकडा २०० नमुन्यांच्या ईसीजीला लावला तर खिडकी १०० मिलिसेकंदांची होते. क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकदार भागाची, रुंदीच साधारण तेवढी! त्यातलं सर्वांत उंच, आरचं टोक बसून जातं, आणि मग ‘सॉफ्टवेअरला ठोके सापडत नाहीत’ ही तक्रार.

आणि एक ठोका सुटणं किती महागात पडतं ते बघा. ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत अशी समजू : ८१०, ७९५, ८२०, ८००, ८१५, ८०५. लागोपाठच्या फरकांवरून काढलेला आरएमएसएसडी, म्हणजे ठोक्यांची अंतरं किती बदलतात त्याचं माप, येतो १७.७. आता मधला एक ठोका सुटला, ८२० आणि ८०० मिळून १६२० झाले. तोच आकडा जातो ५७६ वर. नमुना इथे मुद्दाम छोटा घेतला आहे, पाच मिनिटांत धक्का इतका मोठा नसेल, तरी निष्कर्ष फिरवायला पुरेसा असतो. यावर विद्यार्थी काय करतात? कुबिओस या हृदयगतीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीचा मेनू उघडून ‘व्हेरी स्ट्राँग’ निवडतात. ती पातळी ०.०५ सेकंदांची आहे. आसपासच्या सरासरीपासून एवढं सरकलेलं प्रत्येक अंतर ती बदलून टाकते. तरण्या पोराच्या हृदयगतीत श्वासाबरोबर होणारा चढउतार सहज त्याहून मोठा असतो. म्हणजे जे मोजायचं तेच खरडून काढलं. ‘व्हेरी लो’ म्हणजे ०.४५ सेकंद, तिथून सुरुवात करा आणि सुटलेला ठोका हाताने लावा. पाच मिनिटांत तीनचारशे ठोके असतात, डोळ्याने बघायला फार तर पंधरा मिनिटं लागतात.

क्रियांच्या क्रमाबद्दल लेखात मी एका ओळीत उरकलं होतं, ते कमी पडलं. रीसँपल म्हणजे नमुने कमी करण्याची क्रिया घ्या. काही सॉफ्टवेअर नमुने गाळण्याआधी स्वतः लोपास लावतात, काही नुसते मधले बिंदू फेकतात. १००० वरून थेट २५ वर आलात आणि आधी लोपास नव्हता, तर ५० हर्ट्झची खरखर नाहीशी होत नाही, ती वेष बदलते. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. समजा त्या घटकेला ती ४९.९५ आहे. २५ नमुन्यांवर ती ०.०५ हर्ट्झची होऊन दिसते : वीस सेकंदांची एक संथ, गोंडस लाट. हुबेहूब त्वचावाहकतेच्या चढउतारासारखी. नंतर कोणताही फिल्टर तिला वेगळं काढू शकत नाही. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच १० हर्ट्झचा लोपास बसवलेला आहे तिथे हा धोका थोडा, घरगुती बनावटीच्या सर्किटवर भरपूर. म्हणून क्रम : प्रत, ५ हर्ट्झचा लोपास, मग रीसँपल (२० नमुने पुरतात), मग ०.०५ हर्ट्झचा हायपास (त्याहून संथ चढउतार कापणारा फिल्टर), मग प्रतिसादांचा शोध.

हायपास रीसँपलनंतर ठेवण्याचं कारणही सांगतो. एफआयआर प्रकारचा फिल्टर आसपासच्या नमुन्यांना गुणांकांनी गुणून त्यांची बेरीज करतो. त्याला लागणारे गुणांक किमान नमुनादर भागिले कटऑफ, गुणिले दोन, असा ढोबळ नियम आहे. १००० नमुन्यांवर ०.०५ हर्ट्झला ४०,००० गुणांक. २० नमुन्यांवर ८००. जुना संगणक पहिल्या प्रकारात बराच वेळ गोठून बसतो, मग कंटाळून मुलं गुणांक कमी करतात आणि फिल्टर नावापुरता उरतो. दोन्हीकडे फिल्टरची लांबी मात्र ४० सेकंदच. तेव्हा नोंदीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे वीस-वीस सेकंद भरवशाचे नाहीत. नोंद लांब घ्या आणि टोकं सोडा.

आता उन्हाळा आणि लाईन. इथे मी अर्धा तुमच्या बाजूने. मे महिन्यात दुपारी दोनला, पत्र्याखालच्या खोलीत हे करू नये. सकाळी सात ते नऊ करा. कुलर चालवायचा तर आधीपासून चालू ठेवा, मध्येच चालू-बंद नको, आणि त्याचा झोत हातावर येऊ देऊ नका. माणूस उन्हातून आला असेल तर पंधरा मिनिटं नुसता बसवा. इलेक्ट्रोड लावल्यावरही पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, जेल कातडीत मुरायला वेळ लागतो. जेल ईसीजीचं नको. त्यात मीठ जास्त असतं, वाहकता खोटी चढते. ०.५ टक्के क्लोराइडचं वेगळं येतं. स्पिरिटने बोटं पुसण्याची सवय मोडा, साबणही नको, कोमट पाणी पुरे.

कापूस वेचून, निंदण करून राठ झालेले, घट्टे पडलेले हात असतील तर तळहातावर रेघ सपाट येते. तेव्हा सरळ पायावर जायचं : तळव्याला लागून आतली कड, अंगठ्याचं मूळ आणि घोटा यांच्या मधोमध. पायही अनवाणी चालून राठ असतात असं तुम्ही म्हणाल, पण ती कड जमिनीला टेकत नाही. मेनूतला ‘गेन’ वाढवून सपाट रेघेतून प्रतिसाद उभे करू नका, त्यात उभा राहतो तो गोंगाट.

लाईन गेली आणि खोली इन्व्हर्टरवर आली, की स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. तिच्यात ५० बरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झही असतात. ईसीजीला एकट्या ५० च्या नॉचने मग भागत नाही, सगळ्या पटी कापणारा कोम्ब (कंगवा) फिल्टर घ्यावा लागतो. त्याहून बरं म्हणजे चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि बोर्डापासून तारा लांब ठेवा. शेजारच्या वावरातली मोटर सुरू झाली, लाईन आली-गेली, कुणी दार आपटलं, त्या क्षणी नोंदीत खूण टाका. नंतर आठवत नाही.

वहीतली एक ओळ अशी असावी : ‘फाइल ०७, चॅनल २ ची प्रत, संपूर्ण तरंग, लोपास ५, रीसँपल २०, हायपास ०.०५, पहिले व शेवटचे २० से. वगळले, उंबरठा ०.०२, टक्के ०, प्रतिसाद __.’ सॉफ्टवेअरची आवृत्ती पानाच्या डोक्यावर.

तुमच्या दोन्ही विद्यार्थ्यांच्या फाइलींचं पहिलं मिनिट तेवढं उघडून बघा सर. एकीत श्वासाचा डोंगर आहे आणि दुसरीत नाही, असं निघालं तर टक्क्याचा रकाना शून्य करून दोघांकडून पुन्हा मोजून घ्या आणि आकडे इथेच कळवा. दोन्हीकडे डोंगर असेल, तर माझा अंदाज चुकला. मग दोघांची निवड आणि स्मूदिंगचा आकडा तपासू.