न बोललेले आणि विसरलेले

गेल्या महिन्यात इंदूरहून, रामबागेतल्या आत्याचा फोन आला. नात्यातल्या एका मुलीला एका समुपदेशकाने संमोहनावस्थेत नेले आणि लहानपणी एका आप्ताने केलेल्या अत्याचाराची आठवण तिला त्या सत्रात प्रथमच झाली. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मुलगी खोटे बोलते आहे असे काहींना वाटते, तर अंतर्मनातून आलेले खोटे असूच शकत नाही अशी इतरांची खात्री आहे. अमेरिकेत याविषयी काय म्हणतात, असे आत्याने मला विचारले.

इथे अमेरिकेत हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. कॅलिफोर्नियात जॉर्ज फ्रँकलिन यांना, त्यांच्या मुलीला वीस वर्षांनी झालेल्या आठवणीवरून, १९९० साली खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले; १९९५ मध्ये तो निकाल रद्द झाला. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. लहानपणी बाजारात हरवल्याची बनावट हकीकत घरच्या माणसाच्या हवाल्याने सांगितल्यावर २४ पैकी ६ जणांना ती पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागली. त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, आणि आमच्या घरातल्या दोन्ही तटांना नेमके हेच उमगलेले नाही.

तरीही हा संशय जसाच्या तसा इंदूरला पाठवायला माझे मन धजत नाही. संशोधक लिंडा विल्यम्स यांनी १९९४ साली, बालपणीच्या अत्याचाराची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांचा अभ्यास मांडला. सतरा वर्षांनंतर विचारले असता ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखही केला नाही. त्यांतल्या किती विसरल्या होत्या आणि किती गप्प राहिल्या, यावर अजून वाद आहे. आपल्याकडे तर सगळे लख्ख आठवत असूनही ज्यांना बोलायला जागा मिळत नाही अशाच स्त्रिया अधिक असाव्यात, असे मला मनापासून वाटते, आणि 'खोट्या आठवणी' हा शब्द सर्वांत आधी त्यांचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जाईल.

माझा आक्षेप मुलीवर नाही, संमोहनावर आहे. नार्को चाचणीत, म्हणजे औषधाने अर्धवट शुद्धीत नेऊन केलेल्या चौकशीत, माणसाचा आपल्या उत्तरांवर जाणीवपूर्वक ताबा नसतो, म्हणून संमतीने झालेल्या चाचणीतली उत्तरेही पुरावा ठरत नाहीत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. संमोहनातल्या उत्तरांनाही हीच कसोटी लावायला हवी.

संमोहनाची सत्रे थांबवावीत, समुपदेशकाने कोणते प्रश्न विचारले ते लिहून घ्यावे, मुलीला त्याआधी काय आठवत होते ते नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने तिच्याच शब्दांत ऐकावे आणि घरच्यांनी तिला काही सुचवू नये, असे मी आत्याला सांगितले. शिवाय, कोणालाही दोषी न ठरवता, या सुटीत लहान मुलांना त्या आप्ताकडे मुक्कामाला पाठवू नये.