'वीस वर्षं फवारतोय, काही झालं नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. फवारणीच्या विषबाधेवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'वीस वर्षं कपाशीवर फवारतोय. तोंडाला रुमाल बांधतो, घरी येऊन दूध पितो, आजवर काही झालं नाही. शेतकऱ्याला उगाच भीती घालू नका.' तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण त्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

आधी रुमालाचं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं फवारताना मुख्यतः कातडीतून अंगात जातात. पंप गळून पाठ भिजते, ओल्या कपाशीतून चालताना मांड्या भिजतात, औषध कालवताना बोटं. भिजलेला रुमाल तर तेच औषध ओठांशी धरून ठेवतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा थेट अंगातोंडावर येत होता. वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले.

नस स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत. काम झालं की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचा लगेच निकाल लावतं. ऑरगॅनोफॉस्फरस या विकरालाच जखडून टाकतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचतं: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम थांबत नाही, छाती पाण्याने भरते, मांसपेशी फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. जखडलेलं विकर दुधाने सुटत नाही.

आता 'काही झालं नाही' याबद्दल. रक्तातल्या लाल पेशींमधलं विकर कायमचं निकामी झालं, तर नव्या पेशी येतील तसंच भरून निघतं, दिवसाला साधारण एक टक्का. तुमची पुढची फवारणी त्याआधीच येते. पातळी हळूहळू उतरली तर शरीर बराच काळ निभावून नेतं, कुठलंही लक्षण दिसत नाही. मग एखाद्या दिवशी नेहमीचीच फवारणी भोवते. म्हणून कॅलिफोर्नियात हंगामाआधी कामगाराच्या रक्तातली या विकराची पातळी मोजून ठेवतात आणि लाल पेशींमधली पातळी त्याच्या स्वतःच्या आधीच्या पातळीच्या 70 टक्क्यांवर उतरली की, त्रास नसला तरी, त्याला या औषधांपासून दूर ठेवतात.

तुम्हीही फवारणी सुरू व्हायच्या आधी रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून कागद जपून ठेवा. त्याशिवाय नंतरचा आकडा कशाशी ताडणार?

आणि गरगरलं, नजर धूसर झाली तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली घेऊनच दवाखाना गाठा. अ‍ॅट्रोपिन, प्रॅलिडॉक्सिम हे उतारे द्यायचे की नाही, हे फवारलेलं औषध कोणतं यावर ठरतं. बरं वाटलं तरी घरी पळू नका. एक ते चार दिवसांत मान उशीवरून उचलता येईनाशी होऊ शकते, पाठोपाठ श्वास अडतो, आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो.