जिजाईचा आवाज कुणी बंद केला?

सकाळी चहा गॅसवर ठेवून फोन हातात घेतला आणि दिवसच बिघडला. आमच्या घरच्या ग्रुपवर बाळूदादाने एक रील टाकलं होतं. प्रभात फिल्म कंपनीचा जुना सिनेमा 'संत तुकाराम', पण एआयने रंगवलेला. तुकारामाची बायको जिजाई आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन, विठोबाला बडवायला देवळात निघते ना, तो प्रसंग. फोनच्या उभ्या चौकटीत बसावा म्हणून दोन्ही बाजू छाटलेल्या. म्हणजे एका हातातलं पोरही गेलं आणि दुसऱ्या हातातली वहाणही गेली. उरली ती नुसती तरातरा चाललेली बाई. तीही गोरीपान, गुलाबी ओठांची, गालावर सुरकुती नाही. आणि तिचा आवाज काढून टाकून त्यावर बासरी! वर लिहिलेलं, 'तो सोज्वळ काळ, ती निरागस माणसं'. खाली हात जोडलेल्यांची ही लांब रांग.

अहो, सोज्वळ? ती बाई देवाला मारायला निघालीय!

माझ्या आजीने हा सिनेमा गिरगावात सेंट्रलला पाहिला होता. नवीन लग्न होऊन मुंबईत आलेली. १९३६ च्या डिसेंबरात लागला आणि त्या एका थेटरात वर्षाच्या वर चालला, तेव्हा शेजारपाजारच्या बायका पुन्हा पुन्हा जायच्या म्हणे. पुढे दूरदर्शनवर लागला तेव्हा आम्ही पोरं तिच्या शेजारी बसून पाहिला. पगनीसांचा तुकाराम डोळे मिटून गायला लागला की आजोबांचे हात जुळायचे. आजी मात्र जिजाईची वाट बघत बसलेली. जिजाई झालेली गौरी पडद्यावर आली, नवऱ्याच्या आणि त्या काळ्या विठ्याच्या नावाने बोटं मोडायला लागली, की आजी मांडीवर थाप मारून म्हणायची, "बोल बाई बोल, घरात दाणा नाही आणि हा टाळ कुटतोय." आजोबा म्हणायचे, अगं संतांचा सिनेमा आहे. ती म्हणायची, "असू दे. मला दोघंही दिसतात."

त्या रीलमधून नेमकं हेच उडवलंय. गौरी काही नाजूक नटी नव्हती. रापलेला चेहरा, खणखणीत आवाज, म्हशीशीही भांडेल अशी बाई. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्या एवढ्या थोर संताच्या बरोबरीने तिला उभी केली, आणि सिनेमा तिच्यामुळे जमिनीवर राहिला. तिचा आवाज काढून बासरी लावायची म्हणजे ताटातली मिरची उचलून त्या जागी बर्फी ठेवण्यासारखं आहे.

आणि त्याच रीलच्या शेवटी 'आधी बीज एकले', खाली लिहिलंय 'संत तुकारामांचा अभंग'. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे हो ते! इतकं अस्सल उतरलं की भल्याभल्यांना गाथेतलं वाटलं, हा त्यांचा मोठेपणा. पण नव्वद वर्षं होत आली तरी त्यांचं नाव लिहायला आपले हात दुखतात.

मला राग एआयचा नाही. राग आहे या 'गेले ते दिवस' मंडळींचा. (तुम्ही माझ्या यादीतले नाही, हे गृहीत धरते.) यांना जुने सिनेमे नकोच असतात. यांना स्वतःचं बालपण हवं असतं, तेही मार न खाल्लेलं. मग त्यासाठी जिजाई गोड करायची, प्रभात गोड करायचं. अरे, १९३७ चा 'कुंकू' बघा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला सरळ नकार देते. शांता आपटेचे डोळे बघा त्यात! १९३९ चा 'माणूस' घ्या, पोलीस शिपाई आणि वेश्या यांची गोष्ट. आज कुणी काढला तर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी भावना दुखावतील. आणि दुखावणारे हेच, सकाळी बासरीवाली रीलं पाठवणारे.

मान्य, जुनं ते सगळं सोनं नव्हतं. खलनायक सालोमालो भडक आहे, तुकोबांना वैकुंठाला नेणारा शेवटचा तो गरुड आज बघताना हसू येतं. दूरदर्शनवरही 'व्यत्यय'ची पाटी बघण्यात आपली निम्मी संध्याकाळ जायची. आणि हो, त्या रीलमुळे माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, ही बाई कोण गं?" तेवढं श्रेय बाळूदादाला देऊन टाकते. तेवढंच.

पण बघा ना, एवढं प्रेम उतू जातंय आपलं, तर २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात नायट्रेट फिल्मचं कोठार जळालं तेव्हा आपण कुठे होतो? जुनी फिल्म ती, पेटली की विझत नाही. प्रभातच्या मूळ रिळांची राख झाली. त्यावर कुणी हात जोडलेले मला आठवत नाहीत. दूरदर्शनचं वेगळं काय? टेपा महाग, म्हणून एकावर दुसरं चढवायचे. 'चिमणराव' मालिकेचे भाग आज शोधायला गेलं की हाती मोजकेच लागतात. नको, वाहवत चालले. चहा उकळून काळा झालाय.

राग जरा निवला. खरं सांगू, आजीची आठवण आली की बाळूदादावरही चिडवत नाही. ती त्याचीही आजी. टीव्हीवर तुकोबा वैकुंठाला निघायची वेळ झाली की ती पदर खोचून उठायची. आजोबा म्हणायचे, अगं थांब, विमान येतंय. ती म्हणायची, "येऊ दे. कुकर लावायचाय." जिजाईही जात नाहीच ना वैकुंठाला! तिला पोरं आहेत, म्हैस आहे. तिच्या त्या मागे राहण्यात मला जे दिसतं ते त्या गरुडात कधीच दिसलं नाही, आणि हे मला समीक्षा वाचून नाही कळलं, आजीचा रिकामा झालेला पाट बघून कळलं.

तर बाळूदादाला ग्रुपवर लिहिलंय, रील काढ आणि सिनेमा अख्खा बघ. काळापांढरा, आवाजासकट, खरखरीसकट. त्याने अंगठा पाठवलाय. म्हणजे बघणार नाही.

तुम्ही बघा. आणि खाली गुलाबाची फुलं टाकू नका. जिजाईचं आवडलेलं एक वाक्य लिहा, म्हणजे खरंच कुणी कुणी पाहिलाय ते तरी कळेल.