चाळीसचा बल्ब, शंभरचा बल्ब आणि तुटलेला न्यूट्रल

नमस्कार सर,

सिरीज-पॅरललच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की ४० आणि १०० वॉटचे साधे पिवळे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, २३० व्होल्टवर लावले, तर चाळीसचा जास्त उजळतो. त्याच्यावर १६४ व्होल्ट पडतात आणि शंभरच्यावर ६६. तुम्ही आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवलेले. घरी जोडणी केलीत, मल्टिमीटर लावलात. चाळीसच्यावर १९० आणि शंभरच्यावर जेमतेम ४०. त्यावरून माझ्यावर दोन ताशेरे. एक, माझे आकडे कागदावरचे आहेत. दोन, घरात सगळंच पॅरलल, म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी थेट लाइनवर असतं, पिवळे बल्बही आता गेले, मग हे परीक्षेचं कोडं सांगून लोकांचा वेळ कशाला खाल्लास?

पहिला मुद्दा निमूट मान्य. मी वॉटवरून रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) काढला, शंभरच्याचा ५२९ ओहम, चाळीसच्याचा १,३२२, आणि व्होल्टेज त्या प्रमाणात वाटून टाकलं. पण ५२९ हा आकडा फिलामेंट, म्हणजे बल्बातली टंगस्टनची तार, पूर्ण तापलेली असतानाचा. तोच बल्ब होल्डरमधून काढून थंड झाल्यावर मीटरवर धरला तर चाळीसएक ओहम दाखवतो. सिरीजमध्ये शंभरचा बल्ब नीट तापतच नाही, म्हणून त्याचा रेझिस्टन्स खाली राहतो, म्हणून त्याच्या वाट्याला व्होल्टेज आणखी कमी, म्हणून तो आणखी गार. माझ्या गणितातलं टंगस्टन गार होतच नव्हतं. (कॉलेजात हेच गणित असंच सोडवून पूर्ण मार्क घेतले होते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.)

दुसरा मुद्दा मात्र मानत नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर तुमच्याच मोजणीत आहे.

मोटार दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्याच्या दुकानात लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि शंभरचा किंवा दोनशेचा पिवळा बल्ब असतो. सिरीज बोर्ड. तुम्ही पोरांकडून असे कितीतरी करून घेतले असतील. दुरुस्तीला आलेला मिक्सर थेट लाइनला लावायचा नाही, आधी त्या बल्बमधून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पूर्ण पेटतो, मोटार ठीक असेल तर मिणमिणतो, तार तुटलेली असेल तर ढिम्म. आता हा बोर्ड इतका सोयीचा का? तर तुम्ही दाखवलेल्या कारणामुळे. मोबाइलच्या चार्जरसारखी छोटी वस्तू लावली तर शंभरचा बल्ब थंड, चाळीसएक ओहमचा, जवळजवळ नसल्यासारखाच. चार्जर निवांत चालतो. शॉर्ट लागला की तोच बल्ब क्षणात तापून ५२९वर जातो आणि ०.४३ अँपियरच्या वर काही सोडत नाही. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, ठिणगी उडत नाही. माझ्या आधीच्या गणितातला, कायम ५२९ ओहमचाच राहणारा बल्ब त्या बोर्डवर इतका सोयीचा ठरला नसता. एलईडीही तिथे चालत नाही. त्याच्या आतलं सर्किट (ड्रायव्हर) थोडक्या करंटवरही दिवा पेटवून मोकळा होतो, मग वस्तू शॉर्ट आहे की चांगली, हे कळणार कसं? म्हणून ही मंडळी पिवळे बल्ब मिळतील तिथून घेऊन साठवून ठेवतात.

आणि घरात सिरीज नसते म्हणता, ती असते. एका रात्रीपुरती, न सांगता येते.

माझ्या आत्याच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांपूर्वी हे झालं. थ्री फेज सप्लाय, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारा: खालच्या मजल्याला एक फेज, वरच्याला दुसरी, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सगळ्यांचा एकच. सकाळी साडेसहाला खाली गिझर चालू होता. वर आत्याकडे एक ट्यूब, पंखा आणि टीव्ही. मीटरच्या खोलीत न्यूट्रलचा जोड ढिला होऊन काळा पडला होता, तो त्या वेळी सुटला. खालच्यांचे दिवे मंद झाले, गिझर गारच. ‘लाइट डिम आली’ म्हणून ते बाहेर येईपर्यंत वरती पंखा घोंघावायला लागला होता. आत्या म्हणाली, "ट्यूब इतकी छान कधी लागली नव्हती!" पाठोपाठ सेट-टॉप बॉक्समधून धूर.

न्यूट्रल गेल्यावर ती दोन घरं दोन फेजच्या मध्ये, म्हणजे सुमारे ४०० व्होल्टवर, एकामागोमाग एक जोडली गेली. खाली २,००० वॉट, वर समजा २०० वॉट. बल्बांचंच कोडं: ज्याचे वॉट कमी, त्याच्यावर व्होल्टेज जास्त. ढोबळ हिशेबाने आत्याच्या वाट्याला ३६० व्होल्ट आणि खाली चाळीसच्याही आत. काटकसर करणाऱ्याचं घर जळतं आणि गिझरवाला फक्त गार पाण्याने अंघोळ करतो. (हाही हिशेब कागदावरचाच, हे आधीच कबूल करतो. तिसऱ्या फेजवरचं घर मी धरलेलंच नाही.)

तुम्ही म्हणाल, हे वायरमनला माहीत असतं. असतं. पण त्या सकाळी खालच्यांनी काय केलं, तर गिझर तापत नाही म्हणून पंपही लावून पाहिला. लोड वाढवला की वरच्यांवरचं व्होल्टेज अजून चढतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दिवे एका घरात मंद आणि दुसऱ्यात झगझगीत दिसले, तर वरच्यांनी आणि खालच्यांनी आधी आपापला मेन स्विच पाडायचा, चौकशा मागून. चाळीस-शंभरच्या कोड्याचा मी लेख लिहिला तो याच्यासाठी, पण लेखात हे लिहायचंच राहून गेलं. तो दोष माझा.

मूळ लेखातले १६४ आणि ६६ खोडून तुमची मोजणी टाकली आहे. एक विचारायचं होतं. जोडणी करताना शंभरच्या बल्बची फिलामेंट तुम्हाला लालसर तरी दिसली का? मला करून बघायची होती, पण कोपऱ्यावरच्या दुकानात शंभरचा बल्ब मागितला, तर त्याने नऊ वॉटचा एलईडी काढून दिला आणि वर म्हणाला, "उजेड तेवढाच आहे, घेऊन जा."